पूर्वेचा खण, पश्चिमेचा खण

रिकामी जागा दिसली की खण्याला चैन पडायची नाही. कपाटात दोन पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट दिसली, तरी हा गृहस्थ जेवता जेवता उठून ती बुजवणार. बायको म्हणायची, "अहो, राहू द्या तेवढी फट, हवा खेळते." हा म्हणायचा, "हवेला खेळायला बाहेर काय कमी जागा आहे?"

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला तेव्हाची गोष्ट तर घरात अजून सांगतात. पंधरावीस माणसं जमलेली, दारात बुटांचा आणि चपलांचा ढीग. आत गप्पा रंगलेल्या आणि नवा जावई बाहेर उकिडवा बसून पादत्राणं लावतोय. बरं, जोड्या तरी लावाव्यात? छे! मोठी सगळी एका रांगेत, मग मधली, मग लहान, आणि उरलेल्या फटींत पोरांच्या चपला. दार असं झकास दिसायला लागलं की बघत राहावं. फक्त पाहुण्यांना सोडायला निघताना सासरेबुवांच्या एका पायात स्वतःचा बूट आणि दुसऱ्या पायात शेजाऱ्याचा. धाकटा मेहुणा त्या वेळी दहाअकरा वर्षांचा. तो अनवाणीच हुंदडत घरभर सांगत सुटला, "दाजींनी सगळ्यांचे पाय बदलले!"

तर असा हा माणूस. 'खण्या' हे नाव त्याला ऑफिसात पडलं, कारण त्याचा दिवस खण मोजण्यात जायचा. कसले खण ते सांगतो, पण त्याआधी तळ्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्या तळ्यावर आहे.

तळं मोठं, पलीकडचा काठ धुक्यात दिसायचा नाही एवढं. त्याला दोन फाटे, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. तिथली मासळी थंडीच्या तोंडाशी अंडी घालायची, आणि ज्या फाट्याचं पाणी आधी गार होईल त्याच फाट्यात जाऊन घालायची. म्हणून दरवर्षी त्या फाट्यात चाळीस दिवस जाळं टाकायला बंदी असे. दुसरा फाटा मोकळा. कोणता बंद आणि कोणता मोकळा, हे ठरवायचं तळ्याचं ऑफिस, पाण्याचं तापमान बघून. ठरवणं चुकलं, तर अंडी घालायला आलेली मासळीच जाळ्यात जाणार आणि तळं रिकामं होणार. काठावरची साठ-सत्तर घरं त्या तळ्यावर जगत होती. त्यातलं एक खण्याच्या मेहुण्याचं. आता तो चांगला बाप्या झाला होता, स्वतःच्या नावेचा मालक होता, आणि खण्याच्या घरी आला की ओले बूट मुद्दाम दारात वाकडे काढून ठेवायचा.

दोन्ही फाट्यांत पाण्याखाली एकेक तापमापक सोडलेला होता. दोघांचे आकडे काठावरच्या एका खोलीतल्या यंत्रात जमा व्हायचे आणि तिथून दर दहा मिनिटांनी रेडिओवरून ऑफिसात यायचे. काठावरच्या यंत्राचा प्रोग्रॅम खण्यानं लिहिलेला, जुन्या भाषेत. ऑफिसातल्या यंत्राचा प्रोग्रॅम लिहिला होता शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसनं, नव्या भाषेत. दोन भाषा, दोन यंत्रं, आणि मधून जाणार आकड्यांचं एकच गाठोडं.

आता खण. यंत्राच्या पोटात सामान ठेवायला लांबच लांब फडताळ आहे असं समजा. एकेका फळीवर आठ खण. बारकी वस्तू एका खणात मावते, तापमानाचा आकडा चार खण अडवतो, आणि वेळेचा आकडा आठ, म्हणजे अख्खी फळी. यंत्राचा एक हट्ट असतो. चार खणांची वस्तू फळीच्या सुरुवातीला ठेवायची, नाहीतर बरोबर मध्यावर. कुठंतरी आडनिड्या जागी, अर्धी या फळीवर आणि अर्धी त्या फळीवर, असं त्याला खपत नाही. मग बारकी वस्तू आधी ठेवली, की तिच्या मागचे खण ते मोकळे सोडतं आणि पुढं सरकतं. त्या गाठोड्यात आधी काठावरच्या ठाण्याचा क्रमांक होता, मग वेळ, मग बॅटरीची अवस्था, मग पूर्वेचं तापमान, मग वाऱ्याची दिशा आणि शेवटी पश्चिमेचं तापमान. चार फळ्या, बत्तीस खण. त्यातले तेरा पोकळ.

तेरा! दर दहा मिनिटांनी तेरा रिकामे खण रेडिओवरून ऑफिसात यायचे, त्यासाठी बॅटरी खर्ची पडायची, आणि खण्याच्या जिवाची तगमग व्हायची.

आणखी एक ध्यानात ठेवा. खणांवर नावं नसतात. 'पूर्व', 'पश्चिम' हे शब्द प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी. गाठोडं निघतं तेव्हा नावं घरीच राहतात, नुसते खण जातात. घेणाऱ्यानं मोजून काढायचं, की अमक्या खणापासून चार खण म्हणजे पूर्व आणि तमक्या खणापासून चार म्हणजे पश्चिम.

म्हणूनच त्या ऑफिसात एक शिस्त होती. भिंतीवर चौकटीचा मोठा कागद. त्यावर खण काढायचे, कशात काय ते लिहायचं, खण्यानं आणि चष्मिसनं दोघांनी सही करायची, आणि मगच आपापल्या प्रोग्रॅमला हात लावायचा. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये मात्र कोणी डोकवायचं नाही. ते म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात हात घातल्यासारखं, असं तिथं सगळे मानत.

एका उन्हाळ्यात खण्यानं चष्मिसला गळ घातली. "मोठ्या वस्तू वर घेऊ, बारक्या खाली. चारच्या तीन फळ्या होतात बघ."

"आणि पोकळ खण?"

"पाच उरतात. तेही शेवटी, एका कोपऱ्यात, गुपचूप."

"तुला त्या पाचांपायीही झोप लागणार नाही," चष्मिस म्हणाला. "काढ कागद."

कागद काढला. पहिल्या फळीवर वेळ. दुसरीवर पूर्व आणि पश्चिम. तिसरीवर तीन बारक्या वस्तू. दोघांच्या सह्या झाल्या. चष्मिसच्या नव्या भाषेला सामानाची हलवाहलव आपल्या मनानं करायची खोड असते. त्यानं तिला प्रोग्रॅममध्ये लिहून बजावलं, की कागदावर आहे त्याच क्रमानं ठेवायचं, शहाणपणा करायचा नाही. यंत्र गडबड करेल याची धास्ती दोघांनी घेतली. माणूस करेल असं दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

खण्या पडद्यासमोर बसला. जुन्या क्रमाच्या ओळी समोर होत्या. त्यानं वेळेची ओळ उचलून सगळ्यांत वर नेली. पूर्वेची उचलली, वेळेच्या खाली ठेवली. मग पश्चिमेची उचलली आणि तीही वेळेच्या खाली ठेवली. ताटं रचताना मागाहून ठेवलेलं ताट वर येतं ना, तसंच झालं. पश्चिम वर बसली, पूर्व तिच्या खाली सरकली. कागदावर उलटं होतं. खण्यानं प्रोग्रॅम चालवला, खण मोजले. चोवीस. कागदावर चोवीस. चष्मिसच्या यंत्रानंही गाठोडं घेतलं आणि मोजलं. चोवीस. ते फक्त संख्या मोजायचं. आत कोण कुणाच्या जागेवर बसलंय हे विचारणारं कोणी नव्हतं. खण्यानं दोन्ही हात डोक्यामागं बांधले, खुर्ची मागं झुकवली आणि शीळ घातली. सहा वर्षांनी त्याला ती शीळ आठवायची.

तुम्ही म्हणाल, वर्षात कधी तपासत नव्हते का? तपासायचे की. दरवर्षी थंडीआधी मेहुण्याच्या नावेतून दोन्ही तापमापक काढून आणायचे, काठावरच्या खोलीत एकाच बादलीत सोडायचे, आणि ऑफिसात दोन्ही आकडे सारखे दिसले की शाबास. एका बादलीत दोघं सारखेच दिसणार! अदलाबदल झालीय हे त्या बादलीला कसं कळावं?

त्या थंडीत ऑफिसात गडबड उडाली. तळ्याच्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे तळेबाई म्हणत. बाईंनी हयात त्या तळ्यावर काढलेली. दरवर्षी आधी पूर्व गार व्हायची. या वर्षी पश्चिम, तीही अकरा दिवस आधी. बाई आठवडाभर आकडे चाळत बसल्या. पश्चिमेच्या टेकडीवरची झाडं तुटली होती, वाऱ्याला वाट मिळाली होती. कारण समोरच होतं. "तळ्यानं कूस बदलली," बाई म्हणाल्या, आणि पुढं त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. लांबलांबची माणसं त्यांना बोलवायला लागली. पश्चिम फाटा बंद झाला, पूर्व मोकळा झाला.

मेहुणा त्याच संध्याकाळी घरी आला. बूट वाकडे काढले आणि खुर्चीही न घेता बोलायला लागला. "दाजी, तुमच्या यंत्राला सांगा, पूर्वेचं पाणी बोटं बधिर करतंय."

"तुझी बोटं म्हणजे काय तापमापक आहेत?"

"तापमापकानं कधी जाळं ओढलंय? मी चौदाव्या वर्षापासून ओढतोय."

"अरे, यंत्राला पोट नसतं. त्याला खोटं बोलायचं कारणच नाही."

"खोटं नसेल बोलत. चुकत असेल. चला उद्या माझ्याबरोबर, स्वतःचा हात घालून बघा."

"उद्या मला ऑफिस आहे."

"ऑफिस कुठं पळतंय? तळ्याच्या ऑफिसातला माणूस, आणि तळ्यात हात घालायला वेळ नाही! ताई, हा नवरा तू कुठून शोधून आणलास गं?"

"तूच पसंत केलेलास," बायको आतून म्हणाली. "जेवा आता दोघं, पाणी गार असू दे नाहीतर गरम."

खण्या दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जायची गरजच वाटली नाही त्याला.

आणि मग गंमत बघा, नशिबाची. पूर्वेत टाकलेली जाळी फाटतील एवढी भरून यायला लागली. काठ पाण्याला टेकेपर्यंत नावा लादलेल्या. अंड्यांनी फुगलेल्या माद्या एकावर एक. काठावर अशी चंगळ कोणी पाहिली नव्हती. बाईंचं नाव निघालं की माणसं हात जोडायची. मेहुणासुद्धा पाघळला. "खोटारडं आहे तुमचं यंत्र, दाजी," तो म्हणायचा, "पण दिलदार आहे."

पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी जाळी अर्धी. चौथ्या वर्षी जाळ्यात बोटाएवढी पिल्लं, तीही मोजकी. सभा झाली. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की मासळीला नवा फाटा अजून अंगवळणी पडलेला नाही, ती शिकतेय, पश्चिमेतली बंदी आणखी कडक करायला हवी. चाळीसचे साठ दिवस झाले. पश्चिमेत, जिथं काहीच नव्हतं तिथं, पहारा बसला.

पाचव्या वर्षी घरांना कुलपं लागायला लागली. मेहुण्यानं नाव विकायला काढली, पण घेणार कोण? काठावर पालथी घातली आणि तो शहरात पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. जाताना खण्याकडं आला, तेव्हा बूट सरळ काढून ठेवले. खण्याच्या ते लक्षात आलं आणि उगीचच वाईट वाटलं. पण 'चुकलं' असं नाही वाटलं. तळ्याचं नशीब, एवढंच वाटलं.

सहाव्या वर्षी तापमापक तपासायची वेळ आली आणि नावच नव्हती. काठावर एकही धड नाव नव्हती. पूर्वेचा तापमापक काठावरून चालत जाऊन काढता येण्यासारखा होता, पश्चिमेचा नाही. खण्या म्हणाला, एक तर तपासू. गेला, काढला, वायरीची गुंडाळी खांद्यावर टाकून घेऊन आला, आणि खोलीतल्या बादलीत कोमट पाणी ओतून त्यात सोडला. तपासणीपुरते आकडे लागोपाठ जातील असं यंत्राला सांगितलं आणि चष्मिसला फोन लावला.

"काय दिसतंय?"

"पूर्व आठ. पश्चिम... अरे, पश्चिम एकवीसवर गेलं की!"

"पश्चिम सोड. पूर्व बघ."

"बघतोय ना. पूर्व हललेली नाही जागची."

खण्यानं तापमापक बादलीतून काढला आणि बर्फाच्या डब्यात खुपसला. "आता?"

"पश्चिम धाडकन खाली. काय करतोयस तू तिथं?"

खण्यानं तो पुसला आणि शर्टाच्या आत काखेत धरला. वेड्यासारखा उभा राहिला. "आता?"

"छत्तीस," चष्मिस हसत म्हणाला. "पश्चिमेला ताप भरतोय रे!"

खण्याला हसू आलं नाही. खोलीतलं स्टूल त्यानं यंत्रासमोर ओढलं. मग त्यानं प्रोग्रॅम उघडला. दोन ओळी. पश्चिम वर, पूर्व खाली. सहा वर्षं तिथंच बसल्या होत्या त्या. लपल्या नव्हत्या, कुठं गेल्या नव्हत्या. फोनवर चष्मिस अजून हॅलो हॅलो करत होता.

ऑफिसात पोचला तोवर चष्मिसचा चेहरा उतरलेला. भिंतीवरच्या कागदासमोरच उभा होता. "मी कागदाप्रमाणं लिहिलंय," तो म्हणाला.

"हो."

"कागदावर तुझी सही आहे."

"आहे रे बाबा, आहे. कागद बरोबर आहे. तू बरोबर आहेस. मी ओळी उचलताना चुकलो."

चष्मिसनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. दोन ओळींची अदलाबदल, मिनिटाचं काम. करून टाक. पूर्व परत आधी गार दिसायला लागेल. बाई म्हणतील, तळ्यानं पुन्हा कूस बदलली. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत. त्यांचं पुस्तक राहील, तुझी नोकरी राहील. मासे काय, ना तुला विचारणार ना मला."

बोलण्यात तथ्य होतं. दीड दिवस खण्यानं तो घास तोंडात घोळवला. घरी जेवताना भाताचं शीत शीत वेचत बसायचा. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्यासमोरचं ताटच उचललं. "काय झालंय ते सांगा, नाहीतर उपाशी राहा."

त्यानं सांगितलं. फळ्या, खण, सगळं सांगितलं. ती हातात ताट धरून उभी होती. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ खोकी चिकटवतोय ते यापायी?"

"हो."

"त्याला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही जाऊन, त्याच्या तोंडावर सांगा. आणि सांगून येईपर्यंत माझ्याशी बोलू नका."

आधी तो तळेबाईंकडं गेला. बाईंच्या टेबलावर पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची पानं पडली होती, हातात लाल पेन्सिल. खण्या उभ्या उभ्याच बोलला. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. नंतर म्हणाल्या, "म्हणजे कूस बदललीच नाही?"

"नाही बाई. पूर्वच आधी गार व्हायची. सहाही वर्षं."

"आकडे उलटे करून द्या मला."

त्यानं दिले. बाईंनी तासभर ते स्वतः ताडून पाहिले. पेन्सिल खाली ठेवली. "उद्यापासून पूर्व बंद," त्या म्हणाल्या. "हुकूम मीच काढते, कारणासकट. तुमच्याबरोबर माझंही नाव घालते. अकरा दिवसांचा फरक एका वर्षात पडतो का, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. मला तो हवा होता, म्हणून नाही विचारलं." मग म्हणाल्या, "बंदी तरी कोणावर घालायची म्हणा. नावाच नाहीत."

"मासळी परत येईल ना बाई? आता बंद केल्यावर?"

बाईंनी चष्मा काढला. "मादी पाचव्या वर्षी अंड्यावर येते. पहिल्या दोन वर्षांत अंड्यावर आलेली सगळी आपण उचलली. उरलीसुरली पुढच्या तीन वर्षांत. मागं पिढीच नाही. यायला कोणीतरी असावं लागतं. मी तीन सभांमधून सांगितलं, मासळी शिकतेय म्हणून. ती शिकत नव्हती हो. मरत होती."

"काहीच नाही होणार?"

"तुमच्या-माझ्या हयातीत नाही."

पूर्व बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी खण्या शहराच्या बसमध्ये बसला. तीन तास तो मनाशी वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत सरसाचा वास, आणि छताला लागतील एवढ्या खोक्यांच्या चवडी. मेहुणा जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसला होता. हाताची बोटं सरसानं चकाकत होती.

"दाजी? घरी बरं आहे ना? ताई?"

"ताई बरी आहे. मला तुझ्याशी बोलायचंय."

तो बोलला. वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही कामाला आलं नाही. 'मी ओळी उलट्या ठेवल्या', 'पूर्वेचा आकडा पश्चिमेच्या जागी बसला', 'तू म्हणत होतास तेच खरं होतं', असं तुटक तुटक. मेहुणा घास हातात धरून ऐकत होता. खण्या वाट बघत होता, की आता हा उठेल, कॉलर धरेल, चार लोकांत शिव्या देईल. बसमध्ये त्यानं त्याचीच तयारी केली होती. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं.

मेहुणा म्हणाला, "म्हणजे माझी बोटं बरोबर होती?"

"बरोबर होती."

"यंत्रापेक्षा?"

"यंत्रापेक्षा."

आणि तो हसायला लागला. पायरीवर हात आपटून हसला. शेडकडं तोंड करून ओरडला, "अरे ए, ऐकलंत का? माझी बोटं बरोबर होती! हे माझे दाजी, ऑफिसातून आलेत सांगायला!" आतून कोणीतरी काहीतरी चावट उत्तर दिलं आणि चारदोन जण हसले. मेहुण्यानं डोळे पुसले. "बायको म्हणायची मला, तुझ्याच हाताला यश नाही. तिला सांगतो आता. मला वाटायला लागलं होतं दाजी, की मला पाणी कळत नाही. चौदाव्या वर्षापासून पाण्यात, आणि कळत नाही! त्यानं झोप जायची माझी." मग एकदम सरसावून बसला. "पूर्व बंद केली ना?"

"कालपासून."

"मग येणार मासळी."

हा प्रश्न नव्हताच. तो सांगत होता. खण्याच्या जिभेवर बाईंचे शब्द तयार होते, 'तुमच्या-माझ्या हयातीत नाही.' सहा वर्षांचं सगळं सांगून झालं होतं, फक्त हे एक वाक्य राहिलं होतं. त्यानं मेहुण्याच्या तोंडाकडं पाहिलं. दीड वर्षात ते तोंड असं दिसलं नव्हतं.

"किती वर्षं, दाजी? चार? पाच?"

"चार-पाच," खण्या म्हणाला.

"चार-पाच काय, बघता बघता जातील!"

भोंगा झाला. मेहुणा डबा बंद करत उठला, जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"हसला."

ती त्याच्याशी बोलायला लागली. त्या दिवशी तिनं त्याला शेजारी बसवून जेवायला वाढलं. पुढच्या आठवड्यात भावाचं पत्र आलं, की काम सोडतोय, बायकापोरांना घेऊन काठावर येतोय, मासळी येईपर्यंत दुसऱ्याकडं मजुरी करून भागवू, पण नाव कुजायला नको. पत्र वाचताना ती गुणगुणत होती. खण्यानं दोनदा तोंड उघडलं. दोनदा तिनं विचारलं, "काय हो?" दोनदा तो म्हणाला, "काही नाही."

मेहुणा आला तो थेट काठावर गेला. घराचं कुलूप काढायच्या आधी. खण्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिकडं निघाला. आज सांगायचंच, असं ठरवून. पाण्यावर एक पक्षी नव्हता. मासळी नसली की पक्षी तरी तिथं काय करणार? मेहुणा पालथ्या नावेच्या फटींत डांबर भरत होता, कोपरापर्यंत काळा झाला होता, आणि शेजारी एक नवी कोरी फळी आणून टाकली होती.

"बरं झालं आलात. दोन माणसांचं काम आहे."

"अरे, आधी ऐक. मला तुला एक..."

"ऐकतो ना. कुठं पळतोय मी? आधी ते टोक धरा, दाजी. घट्ट. हलू देऊ नका."

खण्यानं टोक धरलं. मेहुण्यानं पहिला खिळा ठोकला.